मेलेल्या गाडीचा जिवंत कागद: एका डिझेल कारचं भंगार प्रकरण

गाडी २०१२ची. डिझेल हॅचबॅक, सातारा पासिंग, मीटरवर दोन लाख चौदा हजार किलोमीटर. मालक माझे मामा. कऱ्हाडजवळच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर शिकवलं, त्यामुळे सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. वय बहात्तर. मे २०२४ मध्ये या गाडीचं इंजिन गेलं आणि सप्टेंबरच्या अखेरीस गाडी रीतसर मोडीत निघाली. मधल्या चार महिन्यांतली धावपळ बहुतेक मीच केली, म्हणून हे सगळं तपशिलात लिहितोय. अशी बंद पडलेली डिझेल गाडी आज कितीतरी घरांपुढे ताडपत्रीखाली उभी आहे, आणि मालकाच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: किलोला किती मिळतील? आमचाही पहिला प्रश्न तोच होता.

खंबाटकीत काय झालं

पुण्याहून कऱ्हाडला निघालो होतो. मामा चालवत होते, मी शेजारी. दोन-तीन आठवड्यांपासून गाडीतून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता, वेग वाढला की तोही चढायचा. सातारा जिल्ह्यातलं खंडाळा सोडून खंबाटकी घाट चढायला लागलो, तशी गाडीची ओढ एकदम गेली. मामांनी गिअर खाली घेतला. पुढच्या वळणावर त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, तरी इंजिनचा आवाज वाढतच राहिला. गाडी कडेला घेतली, न्यूट्रल केली, चावी बंद केली. इंजिन बंद होईना! आरपीएमचा काटा लाल पट्ट्यात आणि मागे निळसर पांढऱ्या धुराचा एवढा लोट, की मागून येणारा ट्रकवाला लांबच थांबला. मिनिटभर हे चाललं. मग आतून घण पडल्यासारखा आवाज आला आणि सगळं शांत झालं.

हे नेमकं काय होतं ते नंतर कळलं. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा. त्याचं ऑइल सील गेलं की इंजिनचंच ऑइल हवेच्या वाटेने सिलेंडरमध्ये ओढलं जातं. डिझेल इंजिनला ठिणगी लागत नाही, दाबाने तापलेल्या हवेत जे जळण येईल ते पेटतं. चावी बंद केली तर डिझेल थांबतं, पण ऑइलवर इंजिन पळत राहतं आणि स्वतःचंच ऑइल पिऊन संपवतं. अशा वेळी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकायची, ब्रेक पूर्ण दाबून धरायचा आणि क्लच सोडून द्यायचा. इंजिन गुदमरून बंद पडतं. आम्हा दोघांनाही हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर कदाचित टर्बोच्या खर्चावर भागलं असतं. प्रत्येक डिझेलवाल्याने एवढं तरी लक्षात ठेवावं.

१०३३ या महामार्गाच्या हेल्पलाइनवर फोन केला, क्रेन आली, गाडी घाटाच्या वर निघाली. तिथून टोचन लावून कऱ्हाडला मिस्त्रींच्या गॅरेजात नेली.

मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी चेंबर खोललं. तीन लिटरच्या वर ऑइल असायला हवं, निघालं जेमतेम लिटरभर, आणि त्यात बारीक चांदीसारखी चकाकी. त्यांनी ते बोटाला लावून उन्हात धरलं. "गुरुजी, ही बेअरिंगची भुकटी. क्रँक खाल्लाय." मग ऑइलची जाळी काढून दाखवली. जाळी दिसतच नव्हती, तिच्यावर डांबरासारखा काळा थर बसला होता. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो तरतो फक्त ऑइलच्या पातळ थरावर. जाळी चोंदली, ऑइल पोचेना, म्हणून आधी टर्बो गेला आणि मग त्याने इंजिनला सोबत नेलं.

ऑइल शेवटचं कधी बदललं होतं? बिलं काढली तर सव्वादोन वर्षांपूर्वी. मामांचा हिशेब सरळ होता: दहा हजार किलोमीटर झाले की बदलायचं. अलीकडे गाडी महिन्याला दोनदा निघायची, तीही बहुतेक बाजारापर्यंत, त्यामुळे दहा हजार काही होत नव्हते. पण उभ्या गाडीतही ऑइल जुनं होतं, आणि इंजिन नीट तापायच्या आत बंद होणाऱ्या छोट्या फेऱ्यांत काजळी साचते ती वेगळीच. किलोमीटर किंवा वर्ष, यातलं जे आधी येईल ते धरायचं असतं. मामांनी हे ऐकलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

बांधायचं की मोडायचं

विम्याची आशा पहिल्याच फोनमध्ये संपली. साध्या वाहन विम्यात अपघात, चोरी, आग, पूर हे येतं, यांत्रिक बिघाड आणि झीज येत नाही. इंजिनसाठीचं वाढीव कवच एवढ्या जुन्या गाडीला घेतलेलंच नव्हतं.

इंजिन बांधायचा अंदाज मिस्त्रींनी दिला नव्वद हजार: क्रँक, बेअरिंगा, पिस्टन-रिंगा, हेडचं काम, रिकंडिशन टर्बो, मजुरी. मोठ्या वर्कशॉपने एक लाख पस्तीस हजार सांगितले. तिसरी वाट जुनं इंजिन बसवायची, साठ हजार अधिक मजुरी. पण इंजिन बदललं की आरसीवरचा, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचा, इंजिन नंबर बदलून घ्यावा लागतो, त्यासाठी त्या जुन्या इंजिनाचं बिल आणि मूळ कागद लागतात. विकणाऱ्याकडे बिल मागितलं तर म्हणाला, "बिल कशाला लागतंय, कोण बघतंय?" तिथेच तो विषय सोडला.

आता नव्वद हजार घालावेत का? आमच्या मामेभावाचं म्हणणं होतं की घालावेत, कारण अशाच चालू गाड्या पावणेदोन लाखाला जाताना दिसतात. हिशेब वरवर बिनचूक वाटतो. पण पावणेदोन लाखाची गाडी म्हणजे कंपनीचं इंजिन न उघडलेली गाडी. इंजिन बांधलेली आहे हे सांगून विकायची, आणि मामा ते लपवणाऱ्यातले नाहीत, तर दोन दलालांनी एक-दहा ते एक-वीसच्या वर आकडा नेला नाही. म्हणजे नव्वद घालून हातात वीस-तीस हजार, तेही गिऱ्हाईक मिळाल्यावर, आणि नंतर काही झालं तर त्याचे फोन गुरुजींना. शिवाय खालचा पत्रा गंजलेला, एसीचा कॉम्प्रेसर आवाज करणारा. २०२७ला पंधरा वर्षं पूर्ण होऊन नोंदणी नूतनीकरण आलंच असतं. खासगी कारसाठी त्याचं शुल्क १ एप्रिल २०२२पासून सहाशेवरून पाच हजार झालंय, वर फिटनेस आणि पर्यावरण कर. मामांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, रात्री ते चालवतच नव्हते. गाडी ठेवायची म्हणून ठेवण्यात अर्थ नव्हता.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. याच काळात मामांना दोघा-तिघांनी घाबरवलं, की दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या आता बंदच आहेत, पोलीस उचलून नेतील, मिळेल त्या भावात देऊन टाका. तेव्हाही हा नियम दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रापुरताच होता: २०१५चा हरित लवादाचा आदेश आणि त्यावर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब. महाराष्ट्रात खासगी डिझेल कारची नोंदणी पेट्रोलसारखीच पंधरा वर्षांची असते. भीती घालून भाव पाडणाऱ्याला एवढं एक वाक्य पुरतं.

दोन भाव

भंगार व्यापारी घरी आला. बॉनेट उघडण्याआधी तो गुडघ्यावर बसला, मोबाइलचा उजेड लावून गाडीच्या खाली बघितलं. धुरातलं प्रदूषण कमी करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर जागेवर आहे का, हे बघत होता. त्यात प्लॅटिनमसारखे मौल्यवान धातू असतात, मेलेल्या गाडीतला सगळ्यात दाटीवाटीचा पैसा तिथे. मग गिअरबॉक्स, स्टार्टर, अल्टरनेटर, दारं, हेडलाइट, टायर. इंजिन त्याने शेवटी पाहिलं. त्याच्या लेखी गाडी म्हणजे सुट्या भागांची रास होती, लोखंडाचा भाव त्यातला शेवटचा हिशेब.

म्हणाला, पंचावन्न हजार रोख, गाडी आत्ता उचलतो. आरसी द्या आणि टीटी, म्हणजे मालकी दुसऱ्याच्या नावे करायच्या, फॉर्मवर सह्या करा. फॉर्म २९, ३०. खरेदीदाराचं नाव कोरं.

मामांनी शिक्षकी सवयीने विचारलं, "कोरं का?"

"नाव नंतर टाकू गुरुजी, गाडी कटिंगलाच जायची आहे."

मी म्हणालो, कटिंगलाच जायची असेल तर आधी नोंदणी रद्द करून घेतो, आरसी रद्द झाली की गाडी न्या. तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, मग अडतीस देईन.

या एका वाक्यापाशी सगळं प्रकरण मला उलगडलं. गाडी तीच, कन्व्हर्टर तोच, टायर तेच. सतरा हजारांचा फरक कशाचा? जिवंत आरसीचा.

जिवंत आरसीला बाजारात दोन गिऱ्हाइकं असतात. एक बऱ्यापैकी सरळ: दुसरं इंजिन घालून गाडी रस्त्यावर आणणारा. आमचा व्यापारी त्यातलाच असेल, मी त्याच्यावर आरोप करत नाही. दुसरं गिऱ्हाईक वाईट: त्याच मॉडेलची चोरीची गाडी, तिच्यावर मेलेल्या गाडीचा चॅसिस नंबर आणि नंबरप्लेट. कागद खरा, गाडी चोरीची, आणि त्या कागदावर नाव गुरुजींचं. विकणाऱ्याला यातलं कोणतं गिऱ्हाईक मिळणार हे कळायला मार्ग नसतो. कोऱ्या फॉर्मवर सही केली की निवड त्याच्या हातातून गेली.

सरळ गिऱ्हाईक मिळालं तरी धोका आहेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निकाल दिलेलं एक प्रकरण आहे. मालकाने २००७ला गाडी विकली, नाव चढवलं गेलं नाही, गाडी आणखी काही हातांतून गेली, २००९ला अपघात झाला. भरपाईची जबाबदारी कोणाची? न्यायालयाने सांगितलं, आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव मालक म्हणून आहे त्याची. मधले सगळे व्यवहार खरे असले तरी. मी हे मामांना जेवताना सांगितलं. मामींनी वाढता वाढता विचारलं, "म्हणजे गाडी गेली तरी नाव इथंच राहतं?" हो. ते आपण जाऊन काढल्याशिवाय निघत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५नुसार गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचं असतं. बहुतेकांना हे माहीतच नसतं, आम्हालाही नव्हतं.

मान्यताप्राप्त केंद्राची वाट

सप्टेंबर २०२१मध्ये केंद्र सरकारने वाहन स्क्रॅपिंग केंद्रांचे नियम अधिसूचित केले. त्यानुसार नोंदणी झालेल्या केंद्रात गाडी दिली की दोन कागद निघतात: गाडी जमा करताना सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट आणि ती प्रत्यक्ष तोडल्यावर स्क्रॅपिंगचं प्रमाणपत्र. याची नोंद थेट सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर जाते आणि नोंदणी रद्द होते. पुण्याच्या बाजूच्या एका केंद्राने आरसीवरचं रिकामं वजन विचारलं. १०६५ किलो. भाव अठ्ठावीस रुपये. एकोणतीस हजार आठशे वीस, कऱ्हाडहून गाडी उचलून नेण्यासकट, पैसे बँकेत.

पंचावन्नासमोर तीस. मामेभाऊ चिडला. पण तुलना पंचावन्नाशी करायचीच नव्हती, ते पैसे गाडीचे नव्हते. खरी तुलना अडतीसशी, आणि अडतीसवाल्याकडे गाडी तुटल्याचा काहीच पुरावा मिळणार नव्हता. आठ हजारांत मामांचं नाव सुटत होतं. निर्णय मामांनी घेतला, मी नाही. ते म्हणाले, "शाळेचा दाखला दिल्याशिवाय पोराचं नाव हजेरीतून काढत नव्हतो मी. तसाच हा दाखला."

इथून पुढे पाच आठवडे गेले ते एका जुन्या चुकीत. केंद्राने पोर्टलवर तपासलं: गाडी चोरीच्या यादीत नाही, काळ्या यादीत नाही, पण बँकेचा बोजा आहे. कर्ज २०१७लाच फिटलं होतं. शेवटचा हप्ता भरल्यावर बँकेने एनओसी दिली होती, मामांनी ती फाइलला लावली आणि एचपी, म्हणजे आरसीवरची बँकेच्या कर्जाची नोंद, उतरवायला आरटीओत गेलेच नाहीत. कर्ज संपलं म्हणजे सगळं संपलं असं वाटणं साहजिक आहे. आता सात वर्षांनी ती एनओसी चालेना. आणि ज्या बँकेचं कर्ज, ती १ एप्रिल २०२०च्या विलीनीकरणात दुसऱ्या बँकेत गेलेली, शाखाही हललेली. कर्जखातं जुन्या क्रमांकाने सापडेना. शेवटी मामींनी जपून ठेवलेलं जुनं पासबुक कामाला आलं. नवी एनओसी, फॉर्म ३५च्या दोन प्रती बँकेच्या सही-शिक्क्यासह, मग आरटीओ, मग बोजा उतरला. कर्ज फिटल्याच्या महिन्यात हे काम एका फेरीत झालं असतं. तुमच्या आरसीवर आजही बँकेचं नाव असेल आणि कर्ज फिटलं असेल, तर गाडी चांगली चालू असतानाच ते काढून टाका.

बाकी कागद साधे: मूळ आरसी, आधार, पॅन, रद्द केलेला चेक, गाडी स्वेच्छेने देत असल्याचं लेखी. थकलेली दोन ई-चलनं होती, ती आधी भरली. केंद्राने एक अट घातली होती की गाडी आहे तशी पूर्ण हवी, बॅटरी किंवा चाकं काढली तर वजा होणार. मामांनी फक्त डॅशबोर्डवरची गणपतीची छोटी मूर्ती आणि मागच्या काचेजवळची छत्री काढून घेतली.

गाडी पोचल्यावर मी पुण्यात असल्याने स्वतः जाऊन बघितलं. आधी सगळं काढून घेतात: उरलेलं डिझेल, कूलंट, ब्रेक ऑइल वेगवेगळ्या पिंपांत, एसीचा गॅस मशीनने ओढून, बॅटरी बाजूला, एअरबॅग वेगळ्या. कन्व्हर्टरही नोंद करून काढला. मग चॅसिस नंबर कोरलेला पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा कापला, त्यावर गाडीच्या क्रमांकाची चिठ्ठी बांधली आणि तो वेगळ्या खोक्यात गेला. मला वाटतं या सगळ्या खटाटोपाचा अर्थ त्या तुकड्यात आहे. तो क्रमांक आता दुसऱ्या कुठल्या गाडीवर चढू शकत नाही. आणि उघड्यावरच्या कटिंगमध्ये जे ऑइल जमिनीत मुरतं, जो गॅस सरळ हवेत सोडतात, डिझेलच्या टाकीशेजारी विनाचष्मा गॅस कटर चालवणारी जी पोरं आपण रस्त्यातून जाताना पाहतो, ते इथे नव्हतं. तीसमध्ये हेही धरलेलं आहे, असं मी मामेभावाला सांगितलं. त्याला पटलं की नाही ठाऊक नाही.

राहिलेली कामं

गाडी गेल्यावर लोक विमा विसरतात. मामांचा नो क्लेम बोनस पन्नास टक्के झालेला होता. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. कंपनीकडून तसं पत्र घेऊन ठेवलं तर तीन वर्षांत नवी गाडी घेताना तो वापरता येतो. ते पत्र घेतलं, पॉलिसी रद्द केली, उरलेल्या महिन्यांचे थोडे पैसे परत आले. फास्टॅग बंद केला, आतली शिल्लक खात्यात आली.

राहिलं ते सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट. त्यावर नवी गाडी घेताना नोंदणी शुल्क माफ आणि मोटार वाहन करात सवलत मिळते. खासगी गाडीसाठी केंद्र सरकारने २५ टक्क्यांपर्यंतची मुभा दिली आहे, प्रत्यक्ष टक्का राज्य ठरवतं. मामा आता गाडी घेणार नाहीत. पण हे प्रमाणपत्र दुसऱ्याला विकताही येतं, आणि मामेबहीण पिंपरीत छोटी सीएनजी गाडी बघते आहे. तिचं ठरलं तर ते तिच्या कामी येईल. तोवर मामांनी त्याची प्रिंट, नोंदणी रद्द झाल्याचा मेसेज दिसणारा मोबाइलचा फोटो आणि २०१२चं गाडी खरेदीचं बिल एकाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलंय, जुन्या एनओसीच्या वर.